टंचाईच्या उन्हाळ्यात हिरवळ कशी जगवावी

पाणीकपात जाहीर झाली की सोसायटीच्या बैठकीत पहिला वाद बहुधा बागेच्या पाण्यावरून होतो. निम्म्या सभासदांना हिरवळ वाळलेली पाहवत नाही आणि उरलेल्यांना ती पाणी पिताना पाहवत नाही. दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरून बोलत असतात, ती म्हणजे हिरवे दिसणारे गवत जिवंत आणि पिवळे पडलेले गवत मेलेले. हे गृहीतकच चुकीचे असल्यामुळे टँकरचे पाणी चुकीच्या जागी व चुकीच्या रीतीने खर्च होते आणि जूनमध्ये पाऊस आल्यावरही हिरवळीत टकले उरतात. टंचाईच्या उन्हाळ्यात गवताचा रंग राखणे हे उद्दिष्ट ठेवूच नये. जमिनीखालची मुळी आणि जमिनीलगतचा कोंब जिवंत राहील एवढेच पाणी द्यावे आणि पुढचे काम पावसावर सोडावे. ते कसे साधावे, याची रीत येथे दिली आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अशा पठारी भागातील बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या हिरवळी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

त्याआधी मर्यादेची एक गोष्ट. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले होते आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने खेळपट्ट्या व मैदानांना लागणाऱ्या पाण्याच्या प्रश्नावरून आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला होता. अशा वर्षी पिण्यायोग्य पाण्याचा एक तांब्याही हिरवळीला घालण्याचे समर्थन करता येत नाही आणि टंचाईत अनेक महापालिका तशी बंदीही घालतात. त्यामुळे पुढे जेथे जेथे पाण्याचा उल्लेख आहे, तेथे एकदा वापरून झालेले, प्रक्रिया केलेले किंवा पिण्यास निरुपयोगी पाणी असाच अर्थ घ्यावा.

आपल्या अंगणात कोणते गवत आहे

सर्व गवते दुष्काळ सारख्याच रीतीने सोसत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या हिरवळी आणि ‘सिलेक्शन वन’ किंवा ‘बर्म्युडा’ या नावांनी लावलेल्या हिरवळी मुळात हरळीच्या, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वेच्याच आहेत. शेतकरी ज्या हरळीला कंटाळून नांगर खोल घालतो, तिचा तोच हट्टीपणा येथे उपयोगी पडतो. तिला जमिनीवर पसरणारे धावरे, म्हणजे गाठीगाठीच्या आडव्या फांद्या, असतात आणि जमिनीखालीही गाठी असलेली आडवी खोडे असतात. वरचे सगळे पान करपले तरी या खालच्या खोडांत साठवलेले अन्न शिल्लक राहते आणि प्रत्येक गाठीपाशी सुप्त डोळा असतो. पाणी तुटले की हरळी वाढ थांबवते, पाने सोडून देते आणि निजते. ही तिची दुष्काळ काढण्याची रीत आहे, तो आजार नव्हे.

रोपवाटिकांत ‘कोरियन कार्पेट’ किंवा ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारे दाट, गादीसारखे गवत बहुधा झॉयशिया या गटातील असते. तेही कोरडेपणा चांगला सोसते, पण एकदा मागे पडले की पुन्हा भरून यायला फार वेळ घेते. हरळी ज्या जागा एका पावसाळ्यात भरून काढते, त्यासाठी बारीक पानाच्या कोरियन गवताला दोन पावसाळेही लागू शकतात, म्हणून जगवण्याचे पाणी देताना त्याचा क्रम हरळीच्या आधी लावावा. तिसरा प्रकार झाडांच्या सावलीत लावलेल्या रुंद पानाच्या गवताचा, ज्याला माळी ‘शेड ग्रास’ किंवा ‘बफेलो’ म्हणतात. ते मुख्यतः जमिनीवरच्या धावऱ्यांनी पसरते. जमिनीखाली त्याचा साठा नसल्यासारखाच असतो, त्यामुळे वरचे धावरे वाळले की खालून परत येण्यासारखे काही उरत नाही. पाणी अगदीच कमी असेल, तर हा भाग सोडून द्यावा आणि पावसाळ्यात तेथे हिरवळीऐवजी सावलीत वाढणारी दुसरी झाडे लावावीत, हे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब आधी, पाणी नंतर

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, एवढे एक माप लक्षात ठेवले तर बाकीचे गणित घरच्या घरी करता येते. हजार चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. पठारावरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात आणि वाऱ्यात हरळीसारख्या गवताला पूर्ण हिरवे राहण्यासाठी दिवसाला साधारण 4 मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर रोजचे 370 लिटरच्या आसपास आणि दोन महिन्यांचे 22,000 लिटरहून अधिक पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर संपून तिसऱ्याला हात घालावा लागतो. हीच हिरवळ निजू दिली आणि केवळ मुळी वाचवण्यासाठी तीन आठवड्यांतून एकदा 12 मिलिमीटर पाणी दिले, तर एका वेळी सुमारे 1,100 लिटर आणि दोन महिन्यांत तीन पाळ्या मिळून 3,300 ते 3,400 लिटर पुरतात. पहिल्या खर्चाचा हा जेमतेम सातवा हिस्सा आहे. सोसायटीच्या बैठकीत हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, तर वाद बराच निवळतो.

या दोन टोकांच्या मध्ये जी रीत सर्रास दिसते, ती सर्वांत वाईट आहे. पाणी कमी म्हणून रोज संध्याकाळी पाइपने दहा मिनिटे नुसते शिंपडायचे, हा तो प्रकार. त्यातले बरेचसे पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीतूनच उडून जाते, मुळे त्या ओल्या पापुद्र्याच्या मागे वर येतात आणि निजू पाहणारे गवत अर्धवट जागे होऊन साठवलेले अन्न नव्या कोंबांवर खर्च करते. ते कोंब पुढच्या चार दिवसांत करपतात. असे तीन-चारदा झाले की खालची खोडे रिकामी होतात आणि मग जूनचा पाऊसही त्यांना उठवू शकत नाही. म्हणून निर्णय एकदाच घ्यावा. पाण्याची खात्री असेल तेवढाच तुकडा हिरवा ठेवावा, उरलेला पूर्ण निजू द्यावा आणि मे महिन्याच्या मध्यावर मन बदलू नये.

कोणता तुकडा ठेवायचा हे ठरवताना झाडांचा विचार आधी करावा. हिरवळीच्या मध्ये किंवा कडेला असलेली आंबा, बकुळ, कडुनिंब, ताम्हण यांची झाडे वर्षानुवर्षे हिरवळीच्या पाण्यावर पोसलेली असतात आणि गवताचे पाणी तोडले की त्यांचेही नकळत तुटते. गवत एका पावसाळ्यात परत येते, पण वीस वर्षांचे झाड परत मिळवायला वीस वर्षे लागतात. झाडाची पाणी घेणारी बारीक मुळे बुंध्यापाशी कमी आणि फांद्यांच्या घेराच्या आसपास जास्त असतात, म्हणून तेथे उथळ चर करून पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्यावे. त्या चराच्या भोवतीचे गवत आपोआप जगते, तोच आपला हिरवा तुकडा समजावा.

फेब्रुवारीतली तयारी

दुष्काळाची चाहूल मे महिन्यात लागत नाही. परतीचा पाऊस झाला नाही आणि धरणातला साठा डिसेंबरमध्येच उतरू लागला की ती लागलेली असते. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यासाठी हाताशी चांगले पाच महिने होते. असा अवधी मिळाला तर थंडी ओसरता ओसरता, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पुढील कामे उरकून घ्यावीत.

पहिले काम कापणीची उंची वाढवण्याचे. हरळीची हिरवळ एरवी दोन ते तीन सेंटिमीटरवर कापली जाते. ती टप्प्याटप्प्याने पाच सेंटिमीटरवर न्यावी. उंच पान जमिनीवर सावली धरते, माती कमी तापते आणि साधारणपणे वरचे पान जितके उंच तितकी खालची मुळे खोल, असा गवताचा स्वभाव असतो. एका कापणीत पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कधीही काढू नये. यंत्राचे पाते धार लावून घ्यावे, कारण बोथट पात्याने पान कापले न जाता फाटते, त्याची टोके पांढरी पडतात आणि त्या चिरफाळलेल्या कडांतून पाणी उडत राहते. कापलेले बारीक गवत गोळा करून कचऱ्यात देण्याऐवजी तेथेच पसरू द्यावे.

दुसरे काम मातीचे. रोज चालण्याने आणि माळ्याच्या रोळाने हिरवळीची जमीन दबून घट्ट झालेली असते आणि दिलेले पाणी मुरण्याऐवजी वाहून फुटपाथवर जाते. काटेरी फावडे किंवा बारीक पहार सात-आठ सेंटिमीटर खोल रोवून वीतभर अंतरावर भोके पाडावीत आणि वरून चाळलेले कंपोस्ट किंवा पूर्ण कुजलेले शेणखत अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरून झाडूने भोकांत लोटावे. हजार चौरस फुटांना याची साधारण तीसेक घमेली लागतात. शेणखत कच्चे असेल तर वापरूच नये, कारण त्यातून वाळवी आणि मुळे खाणारी हुमणी अळी दोन्ही येतात.

खतांपैकी नत्राला, म्हणजे नायट्रोजनला, या काळात पूर्ण फाटा द्यावा. युरिया टाकून गवत हिरवेगार करून घेण्याचा मोह फेब्रुवारीत फार होतो. त्याने येणारी कोवळी वाढ पाण्याची मागणी वाढवते आणि पहिल्या उन्हातच मान टाकते. त्याऐवजी पालाश उपयोगी पडते. हजार चौरस फुटांना एक किलो सल्फेट ऑफ पोटॅश पसरून लगेच पाणी द्यावे. पालाशामुळे पेशींतील पाण्याचे नियमन सुधारते आणि गवत ताण अधिक सोसते.

काळ्या जमिनीवर हिरवळ असेल, तर भेगांचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. काळी माती वाळली की आकसते, तिला फूटभर खोल भेगा पडतात, त्या गवताची मुळे तोडतात आणि खालची उरलेली ओलही त्यांतूनच उडून जाते. भेग पडू लागताच तीत बारीक वाळू व कुजलेले खत यांचे मिश्रण कोरडेच भरावे. नुसते पाणी ओतून भेग बुजवू पाहू नये, कारण ते पाणी सरळ खाली निघून जाते आणि गवताच्या वाट्याला काहीच येत नाही.

पाणी देण्याची रीत

तीन आठवड्यांची पाळी कोरडेपणाने घड्याळाप्रमाणे पाळण्यापेक्षा गवताकडे पाहून थोडी मागेपुढे करावी. पाण्याचा ताण बसू लागला की गवताचा हिरवा रंग प्रथम निळसर-राखाडी होतो, पाने लांबीच्या दिशेने मिटून सुईसारखी दिसू लागतात आणि त्यावरून चालून गेल्यास पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहतात. जो तुकडा हिरवा ठेवायचा ठरवला आहे, त्याला ही तीन लक्षणे दिसल्यावरच पाणी द्यावे, आधी नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत ती पाच-सहा दिवसांत दिसतात, तर भारी काळ्या जमिनीत दहा दिवसही लागू शकतात. निजलेल्या भागाला मात्र ही लक्षणे लागू नाहीत. तो पिवळा-तपकिरीच दिसणार आणि त्याला फक्त जगवण्याची पाळी मिळणार.

आपण किती मिलिमीटर पाणी देतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि ते मोजणे अगदी सोपे आहे. स्प्रिंकलर असेल तर सरळ बाजूंचे, सपाट बुडाचे पाच-सहा रिकामे डबे हिरवळीवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि प्रत्येक डब्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी. समजा सरासरी 4 मिलिमीटर भरली, तर 12 मिलिमीटरसाठी 45 मिनिटे लागतील. काही डबे काठोकाठ आणि काही जवळजवळ कोरडे निघाले, तर स्प्रिंकलरची जागा किंवा पाण्याचा दाब चुकला आहे हेही याच चाचणीत कळते. पाइपने पाणी देत असल्यास वीस लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहावे. ती एका मिनिटात भरत असेल, तर वरच्या हिशेबातील 1,100 लिटरना 55 मिनिटे लागतील. त्या वेळात पाइप सर्व भागांवर सारखा फिरला पाहिजे, एका कोपऱ्यात सोडून माळी चहाला गेला असे होता कामा नये.

ही 45 किंवा 55 मिनिटे सलग देऊ नयेत. तापलेली, वाळलेली जमीन सुरुवातीला पाणी झटकून टाकते, विशेषतः काळी जमीन आणि मेलेल्या गवताचा जाड थर साचलेली जमीन. म्हणून तीन भाग करावेत. पहिला भाग देऊन अर्धा तास थांबावे, म्हणजे वरचा थर ओला होतो आणि पुढच्या दोन भागांतील पाणी खाली उतरते. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर किंवा सळई हिरवळीत खुपसून पाहावी. ती जेथपर्यंत हाताच्या जोराने सहज जाते, तेथपर्यंत ओल पोहोचली आहे असे समजावे. दहा सेंटिमीटर गेली तरी जगवण्याच्या पाळीला पुरे. वेळ पहाटेची असावी. सूर्य वर येण्याआधी वारा पडलेला असतो, हवा गार असते आणि स्प्रिंकलरचे तुषार उडून जात नाहीत. दुपारी चार वाजता पाणी देणाऱ्या माळ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक सोसायट्यांत त्याची कामाची वेळच तशी ठरवलेली असते. पाळी तीन आठवड्यांतून एकदाच असल्याने त्या दिवसापुरती ती बदलून देणे काही कठीण नाही.

कोणते पाणी चालते आणि कोणते नाही

मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असतो आणि हिरवळीसाठी त्याचे पाणी हा सर्वांत चांगला आधार आहे. त्यात थोडे नत्र व स्फुरद (फॉस्फरस) असतेच, त्यामुळे असे पाणी मिळणाऱ्या हिरवळीला वेगळे खत जवळजवळ लागत नाही. अट एवढीच की प्रकल्प नीट चालत असला पाहिजे. पाण्याला कुजका वास येत असेल किंवा ते गढूळ दिसत असेल, तर ते हिरवळीलाही देऊ नये. हे पाणी तुषारांनी उडवण्यापेक्षा पाइपने जमिनीलगत सोडणे बरे आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत मुलांना तेथे खेळू देऊ नये.

बंगल्यात किंवा लहान सोसायटीत प्रकल्प नसतो, तेथे घरातील वापरलेल्या पाण्याची निवड करावी लागते. अंघोळीचे पाणी आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे शेवटच्या खळबळणीचे पाणी चालते. पहिल्या धुण्याचे साबणाचे पाणी टाळावे. धुण्याच्या पावडरीत सोड्याचे क्षार भरपूर असतात आणि त्यातील सोडियम मातीत, विशेषतः काळ्या मातीत, साठत गेले की मातीचे कण सुटे होऊन वरचा थर चिकट व बंद होतो, मग पाणी मुरतच नाही. पांढऱ्या पापुद्र्याने आणि साचून राहणाऱ्या पाण्याने हे ओळखू येते. तसे दिसल्यास जिप्सम मिसळून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन जाऊ देणे हाच उपाय आहे. स्वयंपाकघरातील मोरीचे पाणी तेल व खरकट्यामुळे देऊ नये. वापरलेले कोणतेही पाणी पिंपात भरून चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण ते कुजते आणि त्यात डासही होतात. हे पाणी दर वेळी एकाच कोपऱ्यात न सोडता जागा फिरती ठेवावी.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी हा अलीकडे हाताशी आलेला मोठा साठा आहे. ते घाण नसते, फक्त त्यात क्षार जास्त असतात. मूळ पाणी धरणाचे असेल, तर बाहेर पडणारे पाणीही हिरवळीला निर्धोक असते. मूळ पाणी बोअरचे किंवा टँकरने आणलेले बोअरचे असेल, तर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या, स्वस्तात मिळणाऱ्या टीडीएस मीटरने एकदा मोजून घ्यावे आणि आकडा 1,500 च्या वर असल्यास कमी क्षाराचे पाणी तितक्याच प्रमाणात मिसळून द्यावे. हरळी आणि कोरियन गवत क्षार बरेच सोसतात, सावलीतल्या रुंद पानाच्या गवताचे मात्र सगळेच प्रकार सोसत नाहीत. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते थोडे असले तरी खारट पाण्यात मिसळण्यास उत्तम आहे.

निजलेल्या हिरवळीला जपणे

निजलेल्या गवताला पाण्यापेक्षा विश्रांतीची गरज जास्त असते. पान लवचीक असते तेव्हा तुडवले तरी पुन्हा उभे राहते. वाळलेले पान तुडवले की त्याचा भुगा होतो आणि खालचा कोंब उघडा पडून उन्हात भाजून निघतो. एप्रिल-मे हेच लग्नाचे, मुंजीचे आणि सुट्टीतल्या क्रिकेटचे महिने असल्याने येथे थोडा कठोरपणा लागतो. दुष्काळाच्या वर्षी हिरवळीवर मांडव घालू देऊ नये, गाड्या तर मुळीच लावू देऊ नयेत आणि रोज ये-जा होणारी पायवाट दोरी बांधून एकाच ठिकाणी ठरवून द्यावी. मुलांना खेळायला एक तुकडा मोकळा सोडावा आणि तो तुकडा पावसाळ्यात नव्याने लावावा लागणार हे आधीच मान्य करावे. सगळीकडे थोडे थोडे तुडवले जाण्यापेक्षा हे परवडते. या काळात कापणी, खुरपणी, रोळ फिरवणे आणि मेलेल्या गवताचा थर उपटणे ही सर्व कामे बंद ठेवावीत. तणनाशकही मारू नये, कारण निजलेली वनस्पती ते आत घेत नाही आणि औषध वाया जाते.

वाळवीकडे मात्र लक्ष ठेवावे. कोरड्या उन्हाळ्यात ती हिरवळीतील मेलेल्या गवतावर मातीचे आवरण चढवते आणि ते आवरण दिसेपर्यंत लोक उन्हाने गवत गेले असेच समजत असतात. आवरण बोटाने मोडून खाली वाळवी दिसली, तर तेवढ्या जागेवर उपाय करावा, सर्व हिरवळीवर औषध ओतू नये.

गवत निजले आहे की मेले, अशी शंका मे महिन्यात प्रत्येकाला येते. हाताने गवताचा झुपका ओढून पाहावा. निजलेले गवत जमीन धरून ठेवते, मेलेले सहज सुटून येते. खुरप्याने वीतभर खोल छोटा तुकडा काढून खालचे आडवे खोड नखाने सोलले, तर जिवंत खोड आतून पांढरे व किंचित ओलसर दिसते, मेलेले तपकिरी असून तुटते. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर फूटभर चौरस जागेला आठ-दहा दिवस रोज पाणी घालावे. कोंब फुटले तर बाकीची हिरवळही जिवंत आहे असे समजून पाळी चालू ठेवावी, न फुटले तर त्या भागाचे पाणी तेव्हाच थांबवून झाडांना द्यावे.

वळीव, मृग आणि त्यानंतर

मे महिन्यातल्या वळवाच्या एका जोरदार सरीने निजलेली हिरवळ चार दिवसांत हिरवी होते आणि येथेच घाई होते. वळवानंतर पुन्हा दोन-तीन आठवडे कोरडे जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्या हिरवेपणावर विसंबून कापणी करू नये आणि खतही टाकू नये. मोसमी पाऊस नीट सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि हिरवळ सर्वत्र फुटली की पहिली कापणी करावी आणि मगच नत्र द्यावे. हजार चौरस फुटांना एक किलो युरिया दोन हप्त्यांत, मध्ये तीन आठवड्यांचे अंतर ठेवून, पान कोरडे असताना पसरावा आणि लगेच पाऊस किंवा पाणी मिळेल असे पाहावे.

उघड्या पडलेल्या जागांत गवताच्या आधी लव्हाळा येतो. त्याची पाने उपटल्याने काहीच साधत नाही, कारण जमिनीखालच्या गाठी तशाच राहतात आणि एकाच्या जागी चार फुटवे येतात. खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा आणि काढलेला खड्डा लगेच हरळीने भरावा. काँग्रेस गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. रिकाम्या जागा भरण्यासाठी लॉनच्या तयार लाद्या विकत आणण्याची गरज बहुतेक वेळा नसते. आपल्याच हिरवळीच्या कडेचे, तीन-चार गाठी असलेले बोटभर लांबीचे धावरे घेऊन, किमान दोन गाठी मातीत जातील असे, दहा-दहा सेंटिमीटरवर लावावेत. जुलैत लावलेले असे तुकडे दसऱ्यापर्यंत एकमेकांना भिडतात. प्लास्टिकचे गवत अंथरून प्रश्न मिटवणाऱ्यांनी ते एकदा मे महिन्याच्या दुपारी अनवाणी तुडवून पाहावे, एवढेच येथे म्हणतो.

पावसाळ्यातील खंड हा दुष्काळाचा दुसरा प्रकार असून त्याला उन्हाळ्याची रीत लागू पडत नाही. जून-जुलैत माती सतत ओली राहिल्याने मुळे उथळ असतात, गवत जोमाने वाढत असते आणि निजण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस पाऊस उघडला की ते उन्हाळ्यापेक्षा लवकर कोमेजते. अशा वेळी आठवड्यातून एकदाच, पण 15 ते 20 मिलिमीटर एवढे पाणी द्यावे आणि कापणीची उंची थोडी वाढवावी. याच सुमारास एखादा पट्टा पाणी देऊनही पिवळा पडत असेल, तर तो कडेने धरून उचलून पाहावा. सतरंजी गुंडाळावी तसा तो जमिनीपासून सुटून आला, तर दोष पावसाचा नसून हुमणीचा आहे. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर बाहेर पडून जमिनीत अंडी घालतात आणि अळ्या जुलै ते ऑक्टोबर मुळे खातात, म्हणून पुढच्या जूनमध्ये संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडून, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करण्याची नोंद माळ्याच्या वहीत आताच करून ठेवावी.